बिनपगारी लेखणी : अण्णाभाऊ साठे आणि लिहून पोट भरण्याचा प्रश्न

दर १ ऑगस्टला निगडीत अण्णाभाऊंच्या पुतळ्यापाशी गर्दी होते. हलगी कडाडते, शाहिरांचे कार्यक्रम होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. म्हाळुंगे, निघोजे, भोसरीकडची मुले पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या गणवेशातच येतात. अशाच एका जयंतीला स्टॉलवर एका मुलाशी गाठ पडली. चाकणला ठेकेदाराकडे कामाला, वय पंचवीसच्या आत. रात्री खोलीवर मोबाइलमध्ये गोष्टी लिहितो. दोन-तीन भीमगीतेही लिहून दिलेली, त्यातल्या एकाचे थोडे पैसे मिळाले, बाकीच्यांवर नावही आले नाही. नोकरी तशीही सहा महिन्यांनी ब्रेक देणारी आहे, मग ती सोडून लिहिण्यावरच जगावे का, असे त्याने विचारले. त्या गोंगाटात नीट उत्तर देता आले नाही. समोर पुतळा उभा होता त्या माणसाचे आयुष्य सांगणे हेच त्याचे खरे उत्तर होते. ते इथे सांगतो.

अण्णाभाऊंना आपण साहित्यरत्न म्हणतो, लोकशाहीर म्हणतो. पण बहुतेक आयुष्य ते पगाराविना लिहीत होते, आणि त्या लिहिण्यावरच घर चालवत होते, हे आपण फारसे बोलत नाही. त्यांच्या मागे कॉलेजातली प्राध्यापकी नव्हती, वर्तमानपत्रातली खुर्ची नव्हती, वाडवडिलांची जमीन नव्हती. आजच्या भाषेत ज्याला फ्रीलान्स म्हणतात तसे जगलेला, आपल्या वस्त्यांमधून आलेला हा मराठीतला सर्वांत मोठा लेखक.

जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी. तेव्हा तो सातारा जिल्हा, आता सांगली. पाळण्यातले नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालुबाई. मांगवाड्यातले घर. इंग्रज सरकारने ज्या जातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांत मांग जातही होती. याच परिसरात इंग्रजांशी झुंजलेल्या फकिराने या घरात बाळंतपणासाठी लुटीतले रुपये ओंजळीने दिले, अशी आठवण सांगितली जाते. खरी असेल तर या लेखकाला पहिले मानधन जन्मालाच मिळाले, आणि पुढे जन्मभर तसे सढळ हाताने कोणी दिले नाही.

१९२० हे साल आपल्याला दुसऱ्या कारणानेही ठाऊक आहे. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. त्यासाठी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. छापखाना ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीने कोणाचा शब्द बाहेर पडायचा हे ठरत होते. ‘मूकनायक’ तीन वर्षे चालला. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाला तेव्हा अंकाचे रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत, कारण पैसे देऊन माणूस ठेवण्याची ऐपत पत्रात नव्हती. परदेशांतल्या पदव्या घेऊन आलेल्या विद्वानाची ही स्थिती, तर वाटेगावच्या मांगवाड्यातल्या मुलाची काय असणार!

शाळा त्यांना मिळाली ती जेमतेम दीड दिवस. सवर्ण मास्तरांच्या वागण्याने तिथून जे बाहेर पडले ते परत गेले नाहीत. पुढे ३१-३२च्या सुमारास घर वाटेगावहून मुंबईला निघाले, तेही पायी, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत हमाली, हॉटेलात कपबशा, फेरीवाल्यामागे गाठोडे, घरगडी, गिरणीत झाडूकाम, असे मिळेल ते केले. अक्षरे ते शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून. हे वाचायला फार रम्य वाटते म्हणून सांगतो, त्यात रम्य काही नाही. ज्याला शाळेत बसू दिले नाही त्याने रस्त्यावर उभे राहून अक्षर चोरले, इतकीच ती गोष्ट आहे.

कोहिनूर मिलमधले काम सुटल्यावर घर पुन्हा गावी गेले. तिथे नात्यातले बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, अण्णाभाऊ त्यात शिरले. माझ्या मते लेखक म्हणून त्यांची खरी शाळा हीच. फडात माणसाला एक गोष्ट कळते. समोरचा प्रेक्षक उन्हातून राबून आलेला असतो, तो उठून गेला तर खेळ संपला. गण, गौळण, बतावणी, वग हे सारे त्या प्रेक्षकाला बसवून ठेवण्यासाठी पिढ्यान् पिढ्या घडवलेले. अण्णाभाऊंच्या कोणत्याही कादंबरीचे पहिले पान उघडून पाहा. पाच-सहा ओळींत गाव उभे राहते, माणूस उभा राहतो, आणि संकट दाराशी येते. हे वाचनालयात बसून येत नाही.

मुंबईत परतल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना जी माणसे भेटली त्यांत कॉम्रेड आर. बी. मोरे होते. महाडच्या १९२७च्या सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे असलेले हेच मोरे, पुढे कम्युनिस्ट पक्षात गेलेले. आपल्या काही मंडळींना अण्णाभाऊ लाल बावट्याखाली वाढले हे खटकते. त्यांनी लेबर कॅम्पातली ही गाठ लक्षात घ्यावी. एकाच चाळीत, एकाच नळावर निळे आणि लाल दोन्ही झेंडे होते आणि भांडणेही होती. तिथेच अण्णाभाऊंनी पहिले म्हणावे असे काव्य रचले, आणि त्याचा विषय होता कॅम्पातले मच्छर! नवशिक्या लेखकाला विषय कुठून आणावा हा प्रश्न पडतो. अण्णाभाऊंनी रात्रभर चावणारा विषय घेतला.

१९४३ साली आला ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’. हजारो मैलांवरची लढाई, पण गिरणगावातल्या माणसाला ती आपली वाटली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. बंगालचा दुष्काळ, अमळनेरचा गोळीबार, जे घडेल त्यावर हा माणूस रचत गेला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ अशी लोकनाट्ये आली. तमाशाला त्यांनी सावकार आणि पुढारी यांना उभे-आडवे घेणारे नवे रूप दिले. मुंबई सरकारने बंदीचा बडगा उगारला तेव्हा लोकनाट्य हे नाव उपयोगी पडले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ने मैदाने भरली. गावाकडे बायको ठेवून मुंबईला आलेल्या कामगाराचे दुःख त्यांनी त्या लावणीत बेळगाव-कारवार तुटण्याच्या दुःखाशी जोडून दिले.

या सगळ्या काळात खाण्यापिण्याचे काय? कलापथक पक्षाचे, त्यामुळे निभाव कसाबसा पक्षावर आणि लोकांच्या झोळीवर. पोवाडा हजारो लोक ऐकतात, पण त्याचे बिल कोणाच्या नावाने फाडायचे? आजही गल्लीतल्या जयंतीला डीजेचे पैसे आगाऊ दिले जातात आणि शाहिराला शाल, श्रीफळ आणि टाळ्या. यात बदल झाला आहे असे मला तरी दिसत नाही.

याच दरम्यान त्यांनी गद्याकडे मोर्चा वळवला. पक्षाच्या साप्ताहिकांतून वार्तांकन आणि कथा लिहिल्या, मग कादंबऱ्या. पन्नास आणि साठच्या दशकात त्या एकामागून एक येत राहिल्या : ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘वारणेचा वाघ’, ‘माकडीचा माळ’, ‘चिखलातील कमळ’, ‘आवडी’, ‘अलगूज’. मिळून पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, शिवाय डझनाहून अधिक कथासंग्रह, नाटके, पोवाडे, एक प्रवासवर्णन. इतके का लिहिले, याचे एक उत्तर प्रतिभा हे आहेच. पण दुसरे उत्तर घराच्या चुलीत आहे. हस्तलिखित प्रकाशकाकडे एकरकमी देऊन टाकायचे, मिळेल ती रक्कम घ्यायची, आणि ती संपण्याआधी पुढचे पुस्तक सुरू करायचे. असे लिहिणाऱ्याला दर पावसाळ्यात नवी कादंबरी लागते. काही समीक्षक त्यांच्या काही कादंबऱ्या घाईच्या आहेत असे म्हणतात. वाचल्यावर मलाही काही तशा वाटल्या, ते लपवण्यात अर्थ नाही. पण घाई का होती हे त्याच समीक्षकांनी कधी विचारले का?

हे सारे लेखन झाले घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. बावीस वर्षे ते तिथे राहिले. टेबल-खुर्ची, शांतता, वीज असे काही गृहीत धरता येत नव्हते. वस्तीतली माणसेच कथांत शिरली. ‘चिरागनगरची भुतं’ हे नावच पाहा. ‘बरबाद्या कंजारी’ही अशाच माणसांच्या जगण्यातून आला.

आता थोडे थांबून ‘स्मशानातील सोनं’ या कथेबद्दल बोलू, कारण चाकणच्या त्या मुलाला मी वाचायला सांगितली ती हीच. भीमा हा वारणेकाठचा आडदांड गडी. पोटासाठी मुंबईत येतो आणि उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. एक दिवस खाण बंद पडते. काम सुटलेला भीमा भटकत असताना प्रेताच्या राखेत त्याला अंगठी सापडते, आणि तो रात्री स्मशाने धुंडाळू लागतो. राख चाळायची, पुरलेली प्रेते उकरायची, सोने काढून विकायचे. बायको घाबरते, तो ऐकत नाही. जिवंत माणसाला खाण भाकरी देत नाही, मग मेलेल्याने दिली तर काय बिघडले, असे त्याचे सरळ गणित. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत तो प्रेत उकरतो, प्रेताच्या तोंडातले सोने काढताना बोटे जबड्यात अडकतात, आणि ती तोडूनच सुटका होते. हाताची दोन बोटे जातात. त्याच दिवशी खबर येते की खाणीचे काम पुन्हा सुरू झाले. ज्या हातांनी डोंगर फोडले ते हात निकामी झालेले, आणि एवढा धिप्पाड माणूस लेकरासारखा रडतो.

प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटे गेलेली माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. ले-ऑफ, ब्रेक, कंपनी दुसरीकडे हलणे, हे शब्दही इथे रोजचे. अण्णाभाऊंनी भीमाची कीव केलेली नाही, त्याला सभ्यही केलेले नाही. तो कायदा मोडतो, हट्टी आहे, बायकोचे ऐकत नाही. तरी वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो. आपल्या वस्तीवर लिहिणाऱ्या नव्या मुलांनी नायकाला पुतळ्यासारखा गुळगुळीत करण्याआधी ही कथा दोनदा वाचावी.

‘फकिरा’ १९५९ सालची. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी दोन हात करणारा, धान्य आणि खजिना लुटणारा आणि शेवटी फासावर जाणारा फकिरा. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली. १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आणि हे पुस्तक अण्णाभाऊंनी अर्पण केले बाबासाहेबांच्या लेखणीला. अर्पणपत्रिकेत त्यांनी बाबासाहेबांचे पद किंवा कायदेपांडित्य निवडले नाही, लेखणी निवडली. एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला दिलेला हा मान आहे. बाबासाहेबांनी घाव घालून जग बदलायला सांगितले, हा निरोप ज्या गीतात त्यांनी गुंफला ते तर आज प्रत्येक मोर्चात घुमते. गाणाऱ्यांपैकी किती जणांना कवीचे नाव माहीत असते, हा वेगळा प्रश्न.

त्याआधी १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंच्या हस्ते झाले. धर्मांतराला दीड वर्षही झाले नव्हते, बाबासाहेब जाऊन सव्वा वर्ष झाले होते. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे या पुराणकथेला त्यांनी तिथे उलटे केले आणि ती दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तोललेली असल्याचे सांगितले. हे भाषण करणारा माणूस कम्युनिस्ट होता आणि जातीने मातंग होता. बौद्ध आणि मातंग यांच्यात निवडणुकीच्या तोंडावर भिंती बांधणाऱ्यांना हे संमेलन अडचणीचे वाटते, यात नवल नाही. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते विहार आणि निगडीचा पुतळा यांत जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरचे काही किलोमीटरच अंतर आहे. १ ऑगस्टला आणि २५ डिसेंबरला त्या रस्त्यावर तीच माणसे दिसायला हवीत.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले. पूर्वी एकदा परदेशी परिषदेला जायचे होते तेव्हा सरकारकडून पासपोर्ट मिळाला नव्हता. या वेळी गेले, पाहिले, आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले. गॉर्कीचा हा वाचक गॉर्कीच्या देशात आदराने मिरवला गेला आणि परत चिरागनगरच्या खोपटात आला. २०२२ साली मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, तेव्हा आपल्याकडे फोटो भरपूर फिरले.

त्यांच्या कादंबऱ्यांवर सात मराठी चित्रपट निघाले. ‘वैजयंता’ १९६१चा, ‘फकिरा’ १९६३चा. पुस्तकांच्या आवृत्त्या निघत होत्या, भाषांतरे होत होती. आणि लेखकाचे हात रिकामे होते. हे कसे घडते हे नव्या लिहिणाऱ्याने नीट समजून घ्यावे, कारण इथे नशिबाचा काही संबंध नाही. पुस्तक एकरकमी देऊन टाकले की पुढच्या दहा आवृत्त्यांचा एक पैसाही आपला नसतो. कागदावर काय लिहिले आहे ते महत्त्वाचे, आणि अडलेला माणूस कागद वाचत नाही, सही करतो.

आज कायदा थोडा बाजूने आहे. प्रताधिकाराचे हस्तांतर लेखीच लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते. मुदतीची ही तरतूद १९९४च्या दुरुस्तीने आली, म्हणजे अण्णाभाऊ जाऊन पंचवीस वर्षे झाल्यावर. २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या लेखनाच्या पुढच्या वापरावरील रॉयल्टीतला वाटा लेखकाकडून लिहून घेता येत नाही, काही अपवाद सोडले तर. म्हणजे भीमगीत लिहून देणाऱ्या त्या मुलाचाही काही हक्क उरतो. फक्त गीत आपले आहे हे सांगणारा कागद त्याच्याकडे हवा. व्हॉट्सअॅपवर गाणे पाठवून मोकळे होणाऱ्याला पुढे ते सिद्ध करताना घाम फुटतो.

राहता राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. अण्णाभाऊंनी नोकरी सोडून लेखन धरले असे चित्र रंगवले जाते. खरे तर नोकरीनेच त्यांना वेळोवेळी सोडले, आणि लेखन त्यांनी कामावर असतानाही केले. लेबर कॅम्पातले पहिले काव्य दिवसभर राबलेल्या माणसाचे आहे. म्हणून मी त्या मुलाला नंतर फोनवर एवढेच सांगितले की ब्रेक मिळेल तेव्हा मिळू दे, हातातली शिफ्ट स्वतःहून टाकू नकोस, निदान तीन ठिकाणांहून वेळेवर पैसे येऊ लागेपर्यंत तरी. त्याला हे आवडले नसावे. त्याला बहुधा पुतळ्यासारखे धाडसी काहीतरी ऐकायचे होते.

अण्णाभाऊंची अखेरची वर्षे एकाकी गेली. शरीर खचले, व्यसन जडले, जुने सोबती पांगले. सरकारने गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर दिले तेव्हा फार उशीर झाला होता. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. मराठीतल्या मोठ्या साहित्य संस्थांनी त्यांना हयातीत काय दिले हे शोधायला बसलो तर कागद कोराच राहतो. पुढे महामंडळाला त्यांचे नाव दिले गेले, २००२ मध्ये चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले, निवडक वाङ्मयाचा जाडजूड ग्रंथ शासनाने काढला.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो, म्हणजे अण्णाभाऊंच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. त्यानंतर कोणीही ‘फकिरा’ छापू शकेल. स्वस्त आवृत्त्यांचा पाऊस पडेल, आणि निगडीच्या स्टॉलवर तेव्हा चांगलीच झुंबड होईल.

ते गेले त्याच १९६९ सालात त्यांच्या कादंबऱ्यांवरचे तीन चित्रपट आले : ‘डोंगरची मैना’, ‘मुरळी मल्हारीरायाची’ आणि ‘टिळा लाविते मी रक्ताचा’. पुढच्या वर्षी ‘वारणेचा वाघ’ लागला. १९७४ मध्ये ‘अलगूज’वरून ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ आला, तेव्हा पडद्यावर कथाकार म्हणून ज्यांचे नाव झळकले त्यांना जाऊन पाच वर्षे होत आली होती.